हौसाबाईंच्या नावावर

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आजपासून मी फ्लोअर इन्चार्ज. डोंबिवली एमआयडीसीतली ही लॉन्ड्री बाहेरून जुन्या गोडाऊनसारखी दिसते, पण रोज सात इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि ऑपरेशनचे गाऊन इथे धुऊन, इस्त्री होऊन, गठ्ठे बांधून परत जातात. हाताखाली तेवीस माणसं. औषध कंपनीत मी अकरा वर्षं क्वालिटीमध्ये काढली, तिथे माझ्या हाताखाली फक्त एक प्रिंटर होता, आणि तोही ऐकायचा नाही. सकाळी डबा देताना बायकोने, सान्वीने विचारलं, भीती वाटतेय का. मी नाही म्हटलं. वाटत होती.

मालक रत्नदीप सर ठाण्याच्या ऑफिसात बसतात, इकडे आठवड्यातून एक चक्कर. इस्पितळांच्या तक्रारी वाढल्यात, तीन महिन्यांत कमी करून दाखव, एवढंच त्यांनी सांगितलंय. मी म्हटलं, दोनच पुरेत. कशाला म्हटलं देव जाणे.

दुपारी जेवणाच्या खोलीत डोकावलो. सगळ्यांचे डबे मध्ये मांडलेले, हसणं-खिदळणं चाललेलं. मी दारात दिसल्याबरोबर चिडीचूप. चला, पहिल्याच दिवशी वचक बसला. मी माझा डबा केबिनमध्ये खाल्ला.

बुधवार, ८ जानेवारी

दोन सुधारणा केल्या.

एक, चुकांची वही. काही जळलं, फाटलं, चुकीच्या इस्पितळाला गेलं, की ज्याचं त्याने वहीत लिहायचं. तारीख, काय झालं, कोणाची चूक. तिसरा रकाना मी लाल शाईने आखला. कंपनीत आम्ही असंच करायचो. माणसाला आपली चूक लिहावी लागली की तो ती पुन्हा करत नाही, असं माझं मत आहे.

दोन, इस्त्रीचा रोलर. चादर एका बाजूने आत घालायची, दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर, असं ते मशीन. पण काम फार संथ चालतं. बॉयलर सांभाळणाऱ्या सिल्वेस्टरला वाफ वाढवायला सांगितली. हा ठाण्याचा, साठीला आलेला, गळ्यात क्रॉस, बोलणं मोजकं. म्हणाला, जास्त होईल, चादर जरा अडकली की करपणार. मी त्याला लॅपटॉपवर आलेख काढून दाखवला. तो आलेखाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. आलेखाने माणूस पटतो.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बायका तिळगूळ देऊन गेल्या, पटापट, रांगेत उभ्या असल्यासारख्या. शेवटी हौसाबाई आल्या. या इथल्या सगळ्यात जुन्या, घड्या घालणाऱ्या टेबलाच्या मुख्य. सत्तावन्न वर्षांच्या, आंबिवलीहून येतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी एक सोडून तीन लाडू दिले आणि म्हणाल्या, "बारीक दिसताय सर." माझं वजन शहाऐंशी किलो आहे.

वहीत आठवड्याभरात पाच नोंदी. त्यातल्या चार हौसाबाईंच्या. दोन चादरी करपल्या, एक गाऊन फाटला, एक गठ्ठा चुकीच्या टेम्पोत. गोड बोलणाऱ्या माणसाचं काम असं असतं.

शनिवार, १८ जानेवारी

आणखी तीन. तिन्ही हौसाबाई. सगळ्या करपलेल्या चादरी.

त्यांचं अक्षरही दर वेळी वेगळं. कधी बारीक, कधी ढोबळ, कधी हिरव्या पेनाने. शिक्षण कमी असलं की अक्षराला वळण राहत नाही, दुसरं काय. पण लिहितात हे कौतुकच. चूक लपवत नाहीत, हा गुण मानायला हवा.

घरी सान्वीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "घड्यांच्या टेबलावरची बाई रोलरवर चादर कशी करपवते रे?" मी म्हटलं, मदतीला जात असेल. "आणि टेम्पोतपण तीच? भारी आहे बाई, एकाच वेळी सगळीकडे." सान्वीला थट्टेशिवाय दुसरं काही सुचत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

आज स्वतः रोलरपाशी उभा राहिलो. तिथे गोदा नावाची मुलगी असते, दिव्याहून येते, लागून चार महिने झालेत, अजून कायम नाही. मी उभा राहिल्यावर ती चादरीपेक्षा माझ्याकडेच जास्त बघायला लागली. दोन चादरी नीट गेल्या, तिसरी अडकली. मी विचारलं, "कोणी केलं हे?" प्रश्न खरं तर वेडगळ होता, मी तिथेच उभा होतो. तेवढ्यात हौसाबाई आपलं टेबल सोडून आल्या आणि म्हणाल्या, "मीच मघाशी वाकडी घालून ठेवलेली." मी त्यांना समज दिली. त्यांनी मान हलवली आणि गोदाला पाणी प्यायला पाठवलं.

मनात आलं, ही बाई दुसऱ्यांच्या कामातही लुडबुड करते.

सोमवार, २७ जानेवारी

रत्नदीप सरांना पत्र लिहिलं. तीन आठवड्यांत सतरा चुका, त्यातल्या चौदा एकट्या हौसाबाईंच्या. वय झालंय, लक्ष राहत नाही, सबब त्यांना या महिनाअखेर किंवा पुढच्या महिनाअखेर मुक्त करावं. "सबब" हा शब्द लिहिताना हात थांबला होता. तीन लाडू आठवले. पण इन्चार्जने लाडवांवरून निर्णय घेतला तर झालंच.

बॉयलरशेजारच्या खोलीतल्या प्रिंटरने नेहमीप्रमाणे दोन प्रती काढल्या. एक घेतली, दुसरी नंतर सापडली नाही. रद्दीत गेली असेल.

बुधवार, २९ जानेवारी

सरांचा फोन. फेब्रुवारीअखेर हौसाबाईंचा हिशेब करून टाकू म्हणाले. वर म्हणाले, "बाबांच्या वेळची बाई आहे ती. तू नीट बघितलंयस ना?" मी म्हटलं, सर, आकडे आहेत.

फोन ठेवल्यावर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ॲसिडिटी असेल.

शुक्रवार, ३१ जानेवारी

हौसाबाई दोन दिवस गोदाला धरून बसल्यात. ऑपरेशनच्या चादरीची घडी कशी घालायची, गठ्ठ्याची गाठ कुठे मारायची, कोणत्या इस्पितळाची कोणती खूण. आज तर कपाटाची चावीसुद्धा कुठे ठेवतात ते दाखवत होत्या. त्यांना अजून काही माहीत नाही, तरी जाता जाता कामाचं काहीतरी होतंय. नशीब माझं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काल पांढऱ्या कपड्यांत लाल ब्लँकेट गेलं. बावीस अभ्रे गुलाबी होऊन निघाले. बाळंतपणाच्या इस्पितळाला चालतील का, असं पॅकिंगमधलं कोणीतरी म्हणालं आणि मी इतका ओरडलो की मलाच दचकायला झालं.

आज सकाळी वही उघडली. "४ फेब्रुवारी. लाल ब्लँकेट पांढऱ्यात. २२ अभ्रे. हौसाबाई."

म्हटलं, आता महिनाअखेरची वाट कशाला बघायची. वही काखेत मारून तरातरा निघालो आणि अर्ध्या वाटेवर हजेरीपटाच्या टेबलाशी थांबलो. काल हौसाबाईंच्या नावापुढे रजा. भाचीची हळद होती टिटवाळ्याला. अर्जावर सही माझी.

मग केबिनमध्ये येऊन दार लावलं आणि वही पहिल्या पानापासून वाचली. सहा वेगवेगळी अक्षरं. हिरवं पेन फक्त पॅकिंगमध्ये असतं. ढोबळ अक्षर टेम्पोवाल्या दौलतचं, त्याच्या पावत्या रोज माझ्या हाताखालून जातात. मी क्वालिटीतला माणूस. अकरा वर्षं गोळ्यांवरचा ठिपका पकडत होतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सिल्वेस्टरकडे गेलो. बॉयलरशेजारी त्याचं एक स्टूल असतं, ते त्याने मला दिलं आणि स्वतः उभा राहिला. मी वही पुढे केली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही.

"हौसाला लिहिता कुठे येतं, सर? सही करते, तीपण पगाराच्या दिवशी."

मग त्याने सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्याने, मध्ये वाफेचा काटा बघत. पूर्वी इथे एक इन्चार्ज होता. चूक झाली की त्या माणसाला दिवसभर फाटकावर उभं करायचा. एक मुलगी उन्हात चक्कर येऊन पडली. तेव्हा रत्नदीप सरांचे वडील, गोपीनाथशेठ, कामावर यायचे. ही लॉन्ड्री दोन मशीनवर सुरू झाली तेव्हाची पहिली कामगार हौसाबाई, त्यामुळे शेठनी सांगून ठेवलेलं की हौसाला कोणी बोलायचं नाही. बस. पुढच्या वेळी काही फाटलं, हौसाबाई म्हणाल्या, माझ्या नावावर सांगा. त्यानंतर सगळ्यांच्या सगळ्या चुका त्यांच्या नावावर. इन्चार्ज बोलू शकत नव्हता, कोणी फाटकावर उभं राहत नव्हतं. वीस वर्षं हीच रीत. शेठ गेले, तो इन्चार्ज गेला, रीत राहिली.

"तुम्ही वही आणलीत. आम्ही वहीतपण तेच केलं."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"कुठे सांगायचं? तुमच्या वहीत तो रकाना नव्हता."

मी उठताना त्याने आणखी एक सांगितलं. चौदातल्या नऊ करपलेल्या चादरी आहेत. आठ जानेवारीच्या आधी महिन्याला एखादी करपायची. मी त्याला आलेख दाखवला होता, त्यानंतर नऊ.

म्हणजे नऊ माझ्या. आज पाच मिनिटांत वाफ पूर्वीच्या काट्यावर आणली. मीच सांगितलं, त्याने "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं नाही, नुसतं वाफेचं चक्र फिरवायला लागला. मला लाज वाटली. अजूनही वाटतेय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज रजा टाकली. सान्वीला सगळं सांगितलं. मला वाटलं, "मी म्हटलेलं" असं म्हणेल. तसं काही म्हणाली नाही. तिने चहा केला आणि विचारलं, उद्या काय करणार.

खरं सांगायचं तर सकाळपासून मी सुटायच्या वाटा शोधतोय. नोंदी चुकीच्या होत्या, कामगारांनी दिशाभूल केली, असं लिहिता येईल. खोटंही नाही ते. सर लगेच विचारतील, मग कोणी केल्या, नावं दे. नावं माझ्याकडे आहेत, अक्षरावरून सहज लागतात. दिली की हौसाबाई वाचतील आणि गोदा जाईल. दौलतही जाईल कदाचित. आणि रोलरचं सांगितलं तर कदाचित मीच जाईन, मलाही अजून कायम केलेलं नाही.

हे सगळं सान्वीला मोठ्याने सांगितल्यावर ते जेवढं अवघड वाटत होतं तेवढं राहिलं नाही. भीती होती तेवढीच आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

रत्नदीप सर अकराला आले. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा सबबी शोधल्या असत्या.

सांगितलं, पत्र चुकीचं आहे. हौसाबाईंच्या चौदा नोंदींत त्यांची एकही नसावी. नऊ चादरी मी वाफ वाढवल्यामुळे करपल्या, सिल्वेस्टरने आधी बजावलं होतं, मी ऐकलं नाही. पत्र लिहिण्याआधी त्या बाईंशी मी एकदाही बोललो नाही.

सरांनी विचारलं, "उरलेल्या पाच कोणाच्या?"

"ते मी सांगणार नाही, सर. नावं सांगितली तर पुढची चूक मला कधीच कळणार नाही. नऊंबद्दल जे करायचं ते माझं करा."

ते खिडकीतून फ्लोअरकडे बघत राहिले. हौसाबाई घडी घालत होत्या. मग म्हणाले, लहानपणी मी इथे आलो की ही बाई मला गरम चादरींच्या ढिगावर झोपवायची. तू सांगितलंस ते ऐकून मी तिला काढायला निघालो होतो. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि मला वाटतं ते माझ्यावर जितके चिडले होते तितकेच स्वतःवरही.

शेवटी पत्र टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. "तीन महिन्यांतला एक गेला. दोन आहेत. तूच म्हणालेलास ना, दोन पुरेत."

बाहेर आलो, तोंडावर दोनदा पाणी मारलं. वळताना मोरीत घसरता घसरता वाचलो.

दुपारी मशीन दहा मिनिटं बंद ठेवून सगळ्यांना गोळा केलं. हेच सगळं पुन्हा सांगितलं, पत्रासकट, आणि माफी मागितली. तिसरा रकाना यापुढे कोणी भरायचा नाही, फक्त काय झालं आणि कशामुळे झालं एवढं लिहायचं, नाहीतर तोंडी सांगायचं. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. दौलत तेवढा चपलेने जमीन उकरत होता. दहा मिनिटं झाल्यावर सगळे कामाला गेले. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काय होणार होतं कोण जाणे.

सोमवार, १० फेब्रुवारी

हौसाबाईंना केबिनमध्ये बोलवायला माणूस पाठवला, मग त्याला हाक मारून परत बोलावलं आणि मीच त्यांच्या टेबलाशी गेलो. शनिवारी सगळ्यांसमोर माफी मागितली होती, पण ती घोळक्यात लपल्यासारखी होती. आज सरळ सांगितलं, मावशी, मी तुम्हाला काढायला निघालो होतो.

"माहितेय की. सिल्वेस्टरला कागद घावलेला. त्याने वाचून दाखवला."

मी विचारलं, मग गप्प का बसलात. एक शब्द बोलला असतात तर.

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. "बोलायचं म्हणजे कोणाचं तरी नाव घ्यायचं. माझं काय, पोरगा हाय, आंबिवलीला घर हाय, मी चार दिवस रडले असते नि गप बसले असते. ही गोदी गेली असती तर दिव्याच्या त्या खोलीत तिची आई नि ती खाणार काय? म्हटलं, जायच्या आधी तिला काम तरी शिकवून ठेवू."

म्हणजे त्यासाठी होते ते दोन दिवस. कपाटाची चावी. मी ते "नशीब माझं" म्हणून लिहून ठेवलंय याच डायरीत. खोडणार नाही, राहू दे.

मी म्हटलं, आता यापुढे कोणाची चूक तुम्ही घ्यायची नाही. त्या म्हणाल्या, बघू. त्या "बघू"त बराच दम होता. माझ्यावर इतक्यात विश्वास टाकायची त्यांची तयारी नाही, आणि मला ते पटलं. तरी तिथून परत येताना मी शीळ घालत होतो. पॅकिंगच्या बायकांनी चमकून बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चार दिवसांत वहीत एकही नोंद नाही. चूक होत नाही म्हणून की सांगत नाहीत म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. या शांततेवर खूश व्हायचं नाही एवढं आता शिकलोय.

आज तीनच्या सुमाराला केबिनच्या दारात गोदा. दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले, नजर जमिनीवर. मागे पाचसहा पावलांवर हौसाबाई उभ्या, पण पुढे येत नव्हत्या.

"सर, चादर अडकली. जळली. माझ्याकडून झालं."

कशी अडकली, हे माझ्या तोंडात अगदी आलेलं. ते गिळलं आणि विचारलं, "तुला लागलं का?"

तिने ओढणीतून उजवा हात काढून टेबलावर ठेवला. दोन बोटं लाल, एकावर फोड उठत होता. चादर अडकली की मशीन थांबवत नाहीत, थांबवलं तर काम मागे पडतं, म्हणून ती हात घालून ओढून काढते. आणि त्या दोन बोटांच्या वर, मनगटापर्यंत, काळपट पडलेले जुने डाग. मी मोजले. चार होते. त्यांच्या तारखा मला पाठ आहेत, मीच आखलेल्या रकान्यात त्या लिहिलेल्या आहेत.

हौसाबाईंनी तोवर थंड पाण्याची बादली आणली. सिल्वेस्टरने न सांगता रोलर बंद केला. मी, हौसाबाई आणि गोदा, तिघं रिक्षाने दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून बघितला. लगेच आणलंत ते बरं केलंत, म्हणाले, आठ दिवसांत बोटं चांगली होतील, डागही हळूहळू जातील. मग त्यांनी जुन्या डागांवर बोट ठेवून तिला विचारलं, हे तेव्हाच का नाही दाखवलंस.

गोदा म्हणाली, "तेव्हा कोणी विचारलं नव्हतं."

तक्रार नव्हती त्यात. तिला विचारलं म्हणून तिने उत्तर दिलं. हौसाबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि डॉक्टरांकडून मलमाची चिठ्ठी घेतली.

परतीच्या रिक्षात हौसाबाई मध्ये बसल्या होत्या. एमआयडीसीच्या वळणापर्यंत येताना गोदा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी गेली होती, तोंड किंचित उघडं, पट्टी बांधलेला हात मांडीवर. पुढे रस्ता सगळा उखडलेला आहे. मी रिक्षावाल्याला सांगितलं, दादा, हळू घ्या, काही घाई नाही.